खोट्या आवाजाचा ट्रक

जुई आणि ईशान,

तुमचा मामाआजोबा ट्रक चावतो. म्हणजे चावायचा, दात होते तोवर.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत घट्ट धरायची आणि डोळे मिटून ओणवं उभं राहायचं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, भुकेला माणूस ट्रकचा लचका तोडतोय. इंजिनाचा ठोका दातांतून थेट डोक्यात जातो, असं त्याचं म्हणणं. "कान काय ताई, कुणाचंही ऐकतात. दातांना फसवता येत नाही."

आता हे सगळं आजच का लिहायला बसले, ते सांगते. गेल्या रविवारी आपला व्हिडिओ कॉल चालू होता. मी म्हटलं, थांबा, मामाआजोबा येतोय बोलायला. त्याबरोबर जुईची वेणी पडद्यावरून उडी मारून पसार झाली. नंतर सोफ्यामागून तुझे मोजे दिसत होते, जुई. तुझी आई म्हणाली, "जाऊ दे ना आई, घाबरते ती त्यांना." जाऊ दे ना! मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. तो राग अजून उतरलेला नाही. तो एकट्या तुझ्यावर नाही, तुझ्या वाट्याला त्यातला अगदी चमचाभर येतो. बाकीचा कुणाकुणावर आहे ते क्रमानं कळेल.

मी ऑफिसात जन्मभर इंग्रजीत पत्रं लिहिली. पण हे मराठीतच लिहायला हवं. गजाचं बोलणं इंग्रजीत नेलं, तर ते कुणातरी सभ्य गृहस्थाचं बोलणं वाटेल. गजा सभ्य गृहस्थ नाही. गजा म्हणजे तुमचा मामाआजोबा, माझा धाकटा भाऊ.

गजाच्या लेखी जगात दोनच प्रकार आहेत. एक खऱ्या आवाजाचं आणि दुसरं खोट्या आवाजाचं. नारळ घेताना सगळेच तो कानाशी हलवून बघतात. गजा नारळवाल्यालाही ऐकून घेतो. "याचा आवाज खोटा आहे, ताई. पुढे चल." डॉक्टर, पुढारी, बातम्या वाचणाऱ्या बायका, सगळ्यांचा निकाल असाच लागतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज तर त्याने त्यांच्या तोंडावर खोटा ठरवला, आणि तोही वार्षिक सभेत, माईकवरून.

त्याचं लग्न झालं नाही, तेही याच पायी. एकदा कांदेपोहे खायला मी त्याला घाटकोपरला घेऊन गेले होते. मुलगी छान होती, एम.ए. झालेली. ती बशी घेऊन आली आणि हा वर बघत बसला. मला वाटलं, लाजतोय. थोड्या वेळाने मुलीच्या वडिलांना म्हणाला, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." मग स्टूल मागवलं, वर चढला, पंखा खोलला, तेल घातलं. पंखा सुधारला. त्या घरून निरोप मात्र कधी आला नाही. परतताना मी त्याला वाटभर फाडून खाल्लं, तर म्हणतो, "आधी तिचा आवाज तरी ऐकू येत होता का त्या घरघरीत?"

तुमचे बाबा तुमच्या आईला बघायला आले, तेव्हाचीही गोष्ट अशीच. ते मोटरसायकलवरून आले होते. गजा खाली गेला, नमस्कार-चमत्कार काही नाही, म्हणाला, "चालू कर." तुमच्या बाबांनी घाबरून किक मारली. गजाने ऐकलं, मान हलवली आणि वर येऊन मला सांगितलं, "मुलगा चांगला आहे. गाडीची काळजी घेतो." ती मोटरसायकल बाबांच्या मित्राची होती, हे लग्नानंतर कळलं. गजाला ते अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

आता ट्रक. मुलुंडला आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जुनं गावठाण आहे. तिथं सांतानच्या अंगणात तो ट्रक उभा असतो. लांब नाकाचा, पुढे बॉनेटवाला, ज्या जातीचा ट्रक आता रस्त्यावर दिसत नाही. सांतान म्हणजे गजाचा लहानपणापासूनचा दोस्त आणि ट्रकचा एकमेव मेकॅनिक. तो गावठाणातल्या जुन्या ख्रिश्चन घरातला, त्यांचं मराठी आपल्यापेक्षा निराळं. तो 'मला' म्हणत नाही, 'मना' म्हणतो.

या ट्रकातून गजाने गोरेगावच्या स्टुडिओंत खोटे राजवाडे वाहिले. प्लायवूडचे खांब, थर्मोकोलच्या तोफा, एकदा प्लॅस्टरचा हत्ती. हायवेवर त्या हत्तीची सोंड एका खांबाला लागून तुटली, तर गजा भांडला खांबाशी. "सामान खोटं असलं तरी चालेल, गाडीचा आवाज खरा पाहिजे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या कपाळावर गोंदून घ्यायला हरकत नाही. आता ते काम राहिलं नाही. आता तो ट्रक गावठाणातल्या सणाला चर्चची बाकं वाहतो, शाळेच्या गॅदरिंगला स्टेजच्या फळ्या वाहतो, आणि उरलेले दिवस उभा राहतो. पण रोज सकाळी गजा तो चालू करतो आणि ऐकतो. दुसरे लोक देवपूजा करतात, तसं.

मामाआजोबा ओरडतो, हे खरं. तो नेहमीच चिडका होता. पण गेली काही वर्षं त्याचं साधं "चहा झाला का" सुद्धा भांडणासारखं ऐकू यायचं. आम्ही म्हणायचो, वय झालं, रागीट झालाय. एकालाही वाटलं नाही की माणसाला ऐकू येत नसेल. वाटणार कसं? ट्रकमधला बारीकसा फरक त्याला दुसऱ्या मजल्यावरून कळायचा. जन्मभर इंजिनाशेजारी बसून त्याचे कान वरच्या पट्टीच्या आवाजांपुरते निकामी झाले होते. जाड, भरदार आवाज ऐकू यायचे. बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज पार पुसले गेले होते. म्हणजे ट्रक ऐकू येत होता आणि जुई नाही.

मग एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. आधी त्याचे दात गेले आणि कवळी आली. कवळीने स्क्रूड्रायव्हर धरून बघितला, तर कवळीच बाहेर आली आणि ट्रकखाली पडली. सांतान इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. ट्रक चावणं तिथं संपलं. आणि पावसाळा सरता सरता त्याने स्वतःहून, मला न विचारता, जाऊन कानाचं मशीन आणलं. मी कितीदा सांगून थकले होते, तेव्हा मला "म्हातारी" म्हणाला होता. आता आपणहून आणलं. का आणलंस विचारलं तर खेकसला, "आणलं. गप."

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रक बिघडला.

"गाडी मिसिंग मारतेय," त्याने जाहीर केलं. इंजिनात सहा सिलिंडर. प्रत्येकाने आपापल्या पाळीला ठोका द्यायचा. एखादा मध्येच कामचुकारपणा करायला लागला की ठोका गळतो, त्याला गॅरेजवाले मिसिंग म्हणतात. मी खाली गेले, ऐकलं. मला काही गळालेलं वाटलं नाही. सांतानने ऐकलं. त्यालाही नाही. "ठाकठीक हाय रे." झालं! "दोघं बहिरे आहात!" असं गजा, कानात मशीन घालून, आम्हाला म्हणाला.

दोस्ताचा शब्द म्हणून सांतानने तपासायला घेतलं. तो माणूस कामाला पद्धतशीर आहे, म्हणून मला आवडतो. ट्रक डिझेलचा, म्हणजे ठिणगीची भानगड नाही. डिझेल बारीक नळ्यांतून एकेका सिलिंडरच्या नोझलपर्यंत जातं आणि तिथं फवारलं जातं. वाटेत काही अडलं की ठोका चुकतो. त्याने आधी फिल्टर बदलला. मग नळ्यांत हवा शिरली असेल म्हणून हातपंप मारून ती काढली. मग ट्रक चालू ठेवून एकेका नळीचा नट जरासा ढिला करत गेला. नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिन अडखळतं. अडखळलं तर सिलिंडर चांगला. नाही अडखळलं, तर तो आधीपासूनच झोपलाय, चोर सापडला. सहाच्या सहा वेळा इंजिन अडखळलं. एकही चोर निघाला नाही.

"आता बोल," सांतान म्हणाला.

"तुम्ही बडबड करता म्हणून कळत नाही! गप्प बसा सगळे! ऐका!" गजा ओरडला.

आम्ही गप्प बसलो. अंगणातली कोंबडीसुद्धा गप्प बसली. आणि गजाने बोट वर केलं. "गेला! बघा, गेला ठोका! गेला की नाही?"

"कुठं गेला?" मी म्हटलं.

"आता आला. तू तोंड उघडलंस की येतो!"

एवढं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि आम्हा तिघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आता आठवलं की संताप होतो.

सांतानने सहाही नोझल काढून भांडुपला तपासायला पाठवली. चांगली आहेत म्हणून परत आली. पंप तपासला, तोही चांगला. शेवटी तो हात पुसत म्हणाला, "गजा, इंजिन चोख हाय. याच्यावर मना काय करता येत नाय."

"मग काय माझा कान खोटा?"

"मी तसा बोललू?"

"तुझा आवाजच खोटा आहे!" गजा म्हणाला.

साठ वर्षांच्या दोस्तीत हे वाक्य त्याने सांतानला कधी ऐकवलं नव्हतं. सांतानने पाना पेटीत टाकला, पेटी बंद केली आणि घरात गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. ट्रक सांतानच्या दारात, मालक आमच्या बिल्डिंगमध्ये आणि निरोप पोचवायला मी. "ताई, त्याला सांग, त्याची ताडपत्री वाळलीय." "ताई, त्याला सांग, मला दिसतंय." मध्ये भिंत फक्त छातीएवढी. दोघं एकमेकांना बघत उभे राहायचे आणि माझ्याशी बोलायचे. कुणाला बडवावं हेच मला कळेना.

त्यानंतर सगळं मुलुंड बिघडायला लागलं. एक दिवस गजा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी चटणी वाटत होते. "ताई, तुझा मिक्सर मिसिंग मारतोय." माझा मिक्सर! दर महिन्याला पुसून, वायर गुंडाळून ठेवलेला मिक्सर! मी म्हटलं, "तू मिसिंग मारतोयस. चटणी हवी असेल तर गप खा." दोन दिवसांनी त्याने हॉलमधला पंखा नापास केला. मग तो सेक्रेटरींकडे गेला आणि सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडलाय म्हणून इतका आरडाओरडा केला की त्यांनी घाबरून माणूस बोलावला. पंप खोलला, सकाळभर बिल्डिंगला पाणी नाही, पंपात काही नाही. त्यावर सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावाला एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवा." मी त्यांना सांगितलं की डोक्याचा डॉक्टर मी आधी तुमच्यासाठी बघतेय. हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि बरं वाटलं.

मग एका शुक्रवारी गजा जेवताना म्हणाला, "उद्या भंगारवाला येतोय. कांजूरमार्गचा. गाडी देऊन टाकतो."

माझा घास हातातच राहिला. "का?"

"खोट्या आवाजाची गाडी मी ठेवत नाही."

त्याने हे ओरडून सांगितलं असतं तर मी समजले असते. तो हळू बोलला. ताटातला भात बोटाने इकडून तिकडे करत बसला. ट्रक गेला की हा माणूस सकाळी उठून करणार काय, हे मला दिसत होतं. आणि दोस्तही गेलाच होता. रात्रभर मला त्याच्यावर, सांतानवर आणि त्या सहा नोझलांवर राग येत राहिला.

शनिवारी सकाळी भंगारवाला आला. कोराकरकरीत टेम्पो, समोर लिंबू-मिरची, आरशाला अजून प्लॅस्टिकची पिशवी. ट्रकला टोचन लावून ओढत न्यायचा त्याचा बेत. दोरखंड हातात घेऊन तो ट्रकभोवती फिरत होता, बॉनेटवर थापटत होता, बैलबाजारात म्हातारा बैल बघावा तसा. मला त्याची चीड आली. सांतान आपल्या ओट्यावर उभा होता, हाताची घडी घालून, तोंड दुसरीकडे.

"ताई, त्याला सांग," सांतान म्हणाला, "नेताना माझ्या तुळशी-बिळशीला धक्का नको." अंगणात तुळस नव्हती. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"ताई, त्याला सांग, त्याचं अंगण उद्यापासून मोकळं," गजा म्हणाला.

भंगारवाल्याने टेम्पो मागे घ्यायला चालू केला. मी, गजा, सांतान, कुणीच बोलत नव्हतं. गजा कान देऊन ऐकत होता. आणि तुच्छतेने म्हणाला, "हा काय ओढणार? याची गाडी पण मिसिंग मारतेय."

"काय बोलता काका!" भंगारवाला खिडकीतून ओरडला. "परवा शोरूममधून काढली! पूजा पण झाली नाही नीट!"

नवा टेम्पो. माझा मिक्सर. हॉलमधला पंखा. सोसायटीचा पंप. आणि ट्रक. मी आयुष्यभर फायली लावल्या आहेत. वेगवेगळ्या कागदांवर एकच चूक दिसली की टाइपरायटर बघायचा, कागद नाही. मी भिंतीपाशी उभी होते, तिथून ओरडले, "गजा, कान काढ."

"काय?"

"कानातलं मशीन काढ. आणि मग ऐक."

सांतान ओट्यावरून उतरला. भंगारवाल्याने टेम्पो बंद केला. गजाने हात वर नेला आणि कान झाकून घेतला, लहान मुलाकडून खाऊ काढून घ्यायला गेलं की ते जसं करेल तसं.

"नाही काढणार."

"अरे, दोन मिनिटं!"

"नाही म्हटलं ना! मला शिकवू नकोस!"

आता माझं डोकं पार फिरलं. मी गावठाणाच्या फाटकातून वळसा घालून अंगणात गेले आणि त्याच्या समोर उभी राहिले. "ट्रक भंगारात घालशील, सांतानशी बोलणं टाकशील, माझ्या मिक्सरला नावं ठेवशील, पण एक मशीन काढणार नाहीस? कशासाठी?"

तो माझ्याकडे बघेना. मग बोलला, आणि जुई, इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं.

"दुकानातल्या पोरीनं सांगितलंय, सतत घाला. मध्ये मध्ये काढलं तर बारीक आवाजांची सवय होत नाही."

"तुला कोणते बारीक आवाज हवेत?"

तो ट्रककडे बघत राहिला. "जुईचा."

मग तुटक तुटक सांगितलं. मशीन मुळात आणलं तेच तुझ्यासाठी. इतकी वर्षं फोनवर त्याला तुझे फक्त ओठ हललेले दिसायचे. तू काय म्हणतेस ते कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची, म्हणून तो आपला मोठमोठ्याने "छान छान, अभ्यास कर" म्हणायचा. मशीन आणल्यावर पहिल्या रविवारी मी चहा करायला आत गेले होते आणि फोन त्याच्या हातात होता. तेव्हा त्याने तुझं पहिलं वाक्य ऐकलं. तू तुझ्या आईला विचारत होतीस, "ते आजोबा नेहमी माझ्यावर का चिडतात?"

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. मला नाही, सांतानलाही नाही. त्या दिवसापासून मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत त्याने ते मशीन कानातून हलवलं नव्हतं.

सांतान बोलला. किती दिवसांनी, आणि थेट त्याच्याशी. "काढ रे बाबा दोन मिनटं. पोरीचा आवाज काय पळून जात नाय. आणि खिशात नको ठेवू, हरवशील. मना दे."

गजाने मशीन काढून सांतानच्या काळ्या तळहातावर ठेवलं. केबिनमध्ये चढला. ट्रक चालू झाला. तो खाली उतरला, बॉनेटवर दोन्ही हात टेकवले आणि डोळे मिटले. आम्ही गप्प. भंगारवालासुद्धा गप्प. गजाच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं, म्हणून मी त्याच्या चपलांकडे बघत होते. मग चपलेतला अंगठा ठोक्यावर हलायला लागला. एकही ठोका न चुकता.

"सहाच्या सहा," तो म्हणाला. आणि मग भंगारवाल्याकडे वळून जे काही म्हणाला, ते मराठीतही लिहिण्याजोगं नाही. तो बिचारा दोरखंड तिथंच टाकून गेला. अजून आहे आमच्याकडे.

इतके दिवस तो नुसता गळालेला ठोका शोधत होता; आता मशीन परत कानात घातल्यावर त्याने भुवया चढवल्या. "सांत्या! टिकटिक कसली? टॅपेट वाजतायत!"

"कधीपासूनचे वाजतात," सांतान म्हणाला. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचे छोटे भाग, ढिले झाले की बारीक टिकटिक करतात.

"मग बोलला का नाहीस?"

"तुना ऐकायला येत नव्हतं. मी कशाला बोलू?"

गजाने बाह्या वर सारल्या. "पाना आण," म्हणाला. आणि दोघं बॉनेटखाली शिरून भांडायला लागले.

मी मात्र भांडण तिथं सोडलं नाही. सोमवारी त्या दुकानात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की एकसुरी आवाज मशीनला गोंगाट वाटतो. कुणी बोलत नसेल तेव्हा ते असे आवाज आपोआप दाबतं. पंखा, मिक्सर, रस्त्यावरच्या गाड्या. "पेशंटला त्रास नको म्हणून, मॅडम." त्रास! ट्रकचालकाच्या कानात ट्रक दाबणारं मशीन बसवता आणि त्याला एका शब्दाने सांगत नाही? तुम्ही त्याचा धंदा विचारलात का? मी तिला जे सुनावलं, ते शुद्ध इंग्रजीत सुनावलं. रागाने बोलायला ती भाषा कधी कधी बरी पडते.

मुलगी शेवटी नरमली आणि म्हणाली, घेऊन या, ते दाबणं आपण बंद करून देऊ. मग इंजिन नीट ऐकू येईल. फक्त गडबडीत बारीक बोलणं थोडं कमी स्पष्ट येईल, लहान मुलांचं वगैरे.

मी गजाला सांगितलं. मला वाटलं, लगेच चप्पल घालेल. तो खुर्चीतून उठला नाही.

"राहू दे."

"अरे, ट्रक नीट ऐकू येईल."

"गाडीचा आवाज मला पाठ आहे," तो म्हणाला. "तिचा नाही."

आता रोज सकाळी तो ट्रक चालू करतो. त्याच्या कानात तो मिसिंग मारतच असतो. ज्या माणसाने एका पंख्यापायी सोयरीक घालवली, तो हे सोसतो आणि कवळीने ओठ चावतो. कधी फारच झालं तर सांतानला विचारतो, "काय रे, खरी आहे ना?" सांतान म्हणतो, "खरी हाय." सांतानचं तो मानतो.

आणखी एक सांगते, आणि हे मी सांगितलं असं त्याला कळता कामा नये. परवा मी ताक द्यायला अंगणात गेले होते. गजा केबिनमध्ये बसला होता, ट्रक बंद, काचा वर केलेल्या. डावीकडची काच पूर्ण वर जात नाही. आत तो स्टीअरिंगशी बोलत होता. "जुई, शाळा कशी आहे गं?" मग थांबला. "मोठं झालं. गाढवा, मोठं झालं!" हे स्वतःलाच, चांगलं खणखणीत. मग पुन्हा, अगदी खालच्या पट्टीत, "जुई, शाळा कशी आहे गं?" मी ताक ओट्यावर ठेवून परत आले.

गेल्या रविवारी तो हेच म्हणायला फोनकडे येत होता. आणि तू सोफ्यामागे होतीस.

म्हणून मी चिडले, आणि म्हणून लिहिलं. तू लहान आहेस, तुला कळणार कसं, हे मला समजतं. पण आता कळलं. या रविवारी तो जरा मोठ्याने बोललाच, तर तू तिथंच बस. उत्तर दे, आणि तोंड फोनकडे करून दे. ईशान, तू मध्ये मध्ये टीव्ही लावू नकोस, मशीनला तो गोंगाट वाटेल.

बाकी इथं सगळं होतं तसंच आहे. सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत. मिक्सर उत्तम चालतो. ट्रक भंगारात गेला नाही. तो सांतानच्या अंगणात उभा आहे, आणि रोज सकाळी चालू होतो.

तुमची आजी